रोप खंगले, दोष कोणाचा?

घरातले एखादे झाड खंगले तर दोष कोणाला द्यावा? झाडाला, त्याच्या बियाण्याला, की ज्या पाण्यात आणि ज्या उजेडात ते वाढले त्या परिस्थितीला? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही आपण चटकन देतो. आपण म्हणतो, आधी मूळ पाहा, पाणी पाहा, मग बोला. परंतु हाच प्रश्न माणसाविषयी विचारला की आपली जीभ वेगळे बोलू लागते. एखादे कुटुंब कर्जात बुडाले, एखादे पोर शाळेत मागे पडले, एखादा धडधाकट माणूस चाळिशीतच मोडून गेला, की "त्याच्या नशिबातच नव्हते" किंवा "ती माणसेच तशी" असे शब्द सहज बाहेर पडतात. धम्माचा स्वीकार केलेल्या घरांतूनही ते बाहेर पडतात. हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून नवदीक्षित कुटुंबांतील बंधु-भगिनींनो, आज आपण टोमॅटोच्या एका थकलेल्या रोपाचा विचार करू आणि त्याच्यापासून माणसापर्यंत येऊ.

मातीशिवाय भाजीपाला पिकवण्याची पद्धत आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक या शास्त्रज्ञाने क्षार विरघळवलेल्या पाण्याच्या टाक्यांत टोमॅटो वाढवून दाखवले. त्याचे वेल २५ फुटांपर्यंत चढले होते. १९३७ साली त्याने या पद्धतीसाठी 'हायड्रोपोनिक्स' हे नाव प्रचारात आणले. आज डहाणू रोडच्या एखाद्या इमारतीत राहणाऱ्या, अंगण नसलेल्या माणसालाही हे जमू शकते. खोलीच्या कोपऱ्यात झाकणाची टाकी, दोन-चार प्लास्टिकचे पाइप, पाणी फिरवणारी छोटी मोटर आणि वर एलईडीचे दिवे एवढे असले की काम भागते. माती नाही, म्हणून रोपाला लागणारे नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची सूक्ष्म द्रव्ये मोजून पाण्यात घालावी लागतात. या बागेत रोपाचे सारे जग म्हणजे ती टाकी. तिच्यात जे नाही ते रोपाला दुसरीकडून मिळणे नाही.

पहिले काही महिने रोप भराभर वाढते, घोसामागून घोस देते. मग एके दिवशी खालची पाने पिवळी पडतात, खोड उघडे पडते, फुले गळतात, नवे फळ धरत नाही. घरातले म्हणतात, "याचा जीव संपला, काढून टाका." येथे थांबून विचार करा. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जेथे हिमतुषार पडत नाही अशा उबदार प्रदेशात हे झाड एका हंगामात मरतेच असे नाही. ते वर्षानुवर्षे जगू शकते. मग तुमच्या खोलीत, जेथे थंडीही नाही आणि हिमही नाही, तेथे ते सहा-आठ महिन्यांत का संपावे?

कारणे शोधू लागलो की ती एकामागून एक सापडतात. रोप पाणी जितक्या वेगाने पिते तितक्या वेगाने क्षार घेत नाही. म्हणून टाकीतले पाणी कमी होत जाते आणि उरलेले दाट होत जाते. आपण वरून पुन्हा खताचेच पाणी ओततो, त्यामुळे ते आणखी खारट होते. शेवटी मुळांना पाण्यात उभे राहूनही पाणी ओढता येत नाही. हे पहिले कारण. दुसरे कारण आंबटपणाचे. पाण्याचा पीएच साधारण साडेपाच ते साडेसहा असावा लागतो. तो बिघडला की लोहासारखी द्रव्ये पाण्यात असूनही मुळांच्या हाती लागत नाहीत. तिसरे कारण श्वासाचे. मुळांनाही प्राणवायू लागतो, हे आपण विसरतो. २० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; पाणी ३० अंशांवर गेले की जेमतेम साडेसात. मे महिन्यात डहाणूच्या किनाऱ्यावर टाकीतले पाणी कोमट होते आणि नेमकी तेव्हाच मुळांची भूकही वाढलेली असते. मुळे गुदमरतात, तपकिरी होतात, कुजू लागतात. चौथे कारण उजेडाचे आणि पाचवे उकाड्याचे. दिवे वरच्या पानांनाच पुरतात आणि खालची अंधारात जातात. रात्रही गरम राहिली की फुलात फळ धरत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील श्प्रेंगेल आणि लिबिग या शास्त्रज्ञांनी एक नियम मांडला. झाडाची वाढ सगळ्यांत जास्त असलेल्या द्रव्याने ठरत नाही. ज्याची सगळ्यांत अधिक उणीव आहे त्या द्रव्याने ती अडते. नत्राचा डोंगर ओतला तरी मॅग्नेशियमची चिमूट कमी असेल तर पान पिवळेच पडणार. हा नियम ध्यानात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता उपाय पाहू. आधी टाकीतले जुने पाणी पूर्ण काढून टाकावे, टाकी, पाइप आणि मोटरची जाळी घासून धुवावी. मुळे हातात घेऊन पाहावीत. पांढरी, कडक मुळे ठेवावीत. तपकिरी, बुळबुळीत झालेली स्वच्छ कात्रीने कापावीत. पिवळी आणि डागाळलेली पाने काढावीत. मग मुख्य खोड खाली आणावे, मात्र जेथे हिरवा डोळा किंवा कोवळी बगलफूट दिसते तिच्या वरच कापावे. खाली जिवंत डोळा नसेल तर उरलेल्या नुसत्या खोडातून काही फुटण्याची आशा थोडीच. त्यानंतर टाकीत ताजे पाणी भरून खताची मात्रा निम्मीच ठेवावी. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मटण-भाकरी वाढत नाहीत, पेज देतात, तसेच हे. पाणी थंड जागी ठेवावे, त्यात हवेचे बुडबुडे सोडावेत. नवी पाने आली की मात्रा हळूहळू वाढवावी. पुन्हा फुले दिसायला महिना-दीड महिना लागतो. खोलीत मधमाश्या येत नाहीत, म्हणून फुलांचा घोस दिवसातून एकदा हलकेच हलवावा. कोणी हातभर लांबीची बगलफूट कापून नुसत्या पाण्यात ठेवतो. एक-दोन आठवड्यांत तिच्या खोडालाच मुळे फुटतात आणि तीच नवे रोप होते.

प्रत्येक रोप मात्र वाचवावे असे नाही. पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या चुरडा-मुरड्याच्या विषाणूने पाने वळून लहान झाली असतील, तर ते रोप उपटलेच पाहिजे. त्याची बगलफूट लावली तर विषाणूही तिच्याबरोबर जातो. जिवाणूजन्य मर रोगाची शंका असेल तर खोडाचा तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. कापल्या तोंडातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर रोप ठेवू नये, कारण पाइपमधून फिरणारे तेच पाणी शेजारच्या सगळ्या रोपांना भिडते. काही वाण मुळातच ठरावीक उंचीचे असतात. ते एकदाच भरघोस फळ देतात आणि थांबतात. त्यांना ताणण्यात अर्थ नाही. नवे बी टाकावे हेच शहाणपणाचे. तेव्हा वाचवणे आणि काढणे या दोन्ही गोष्टी परीक्षेनंतर ठरतात. परीक्षेआधी दिलेला निकाल हा निकाल नव्हे, तो पूर्वग्रह होय.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या साऱ्या खटाटोपात एकदा तरी कोणी म्हणाले काय, की या रोपाने मागच्या जन्मी पाप केले म्हणून ते खंगले? कोणी म्हणत नाही. अडाण्यातला अडाणी माळीही आधी मुळाकडे पाहतो. झाडाच्या बाबतीत सारे जग कार्यकारणभाव मानते. हे आहे म्हणून ते घडते. हे काढले की ते थांबते. बुद्धाने सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद समजायला कठीण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही टाकी पाहावी. तो नियम तेथे रोज चाललेला आहे. प्रश्न एवढाच की माणसाची पाळी आली म्हणजे तो नियम आपण खुंटीला का टांगतो? ज्या समाजाने हजारो वर्षे माणसांना गावाबाहेर ठेवले, विहिरीचे पाणी तोडले, अक्षर तोडले, जमीन तोडली, त्याच समाजाने वर त्यांना सांगितले की ही तुमच्या पूर्वकर्माची फळे आहेत. टाकीत मीठ ओतायचे आणि रोपाला पापी म्हणायचे, असा हा न्याय होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे असे का प्रतिपादन केले, हे येथे उमगते. जो सिद्धांत कारण शोधू देत नाही तो दुःख दूर करू शकत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, "तुम्हीच वर लिहिले की काही वाण मुळातच थोडके असतात. म्हणजे बियाण्यात फरक असतोच. मग माणसांत का नसावा?" उत्तर असे. टोमॅटोचे वाण माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून, इतरांपासून वेगळे राखून तयार केले. जाती म्हणजे असे वाण नव्हेत. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये सप्रमाण मांडले. माणसामाणसांत आवड, बुद्धी, प्रकृती यांचा फरक असतो, परंतु तो एकाच आईच्या दोन लेकरांतही असतो. तो जातीच्या कुंपणाने वाटला जात नाही. शिवाय बियाण्याचा दोष सांगण्याचा अधिकार कोणाला असतो? ज्याने पाणी, उजेड, हवा सारे पुरवून पाहिले त्याला. ज्याने पाणीच दिले नाही त्याने बियाण्याला नाव ठेवू नये.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. तिची परीक्षा आपल्या डहाणू-तलासरीच्या भूमीवर झालेली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पोरे शाळेत येत नव्हती. "यांना शिक्षणाची गोडीच नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी पोरांना दोष दिला नाही, पोरे कोठे असतात ते पाहिले. काही धाकट्या भावंडांना सांभाळत अंगणात होती, तर काही गुरांमागे कुरणात होती. म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तिला अंगणवाडी म्हणू लागले. शाळाच गुरांमागे गेली, ती कुरणशाळा झाली. पोरे तीच होती, डोकी तीच होती. बदलले ते भोवतालचे पाणी. आज देशभर खेडोपाडी जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावाचे आणि कल्पनेचे मूळ या किनाऱ्यावर आहे.

दुसरे उदाहरण याहून मोठे. या भागातील वारल्यांना जमीनदार-सावकार वेठीला धरीत. लग्नासाठी थोडे कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. अशांना 'लग्नगडी' म्हणत. वारली आळशी, वारली दारुडा, वारली मुका, हा शिक्का त्यांच्यावर होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे किसान सभेच्या परिषदेत हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले की वेठ करायची नाही आणि बारा आणे रोख मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर राबायचे नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. तरी वेठ आणि लग्नगडी ही प्रथा मोडली. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात ही हकिगत लिहिली आणि त्याला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. विचार करा. जे कालपर्यंत मुके होते ते एका वर्षात बोलते कसे झाले? त्यांच्या रक्तात काय बदलले? काहीच नाही. वर सांगितलेला उणिवेचा नियम येथे आठवा. त्यांच्यापाशी श्रम होते, चिवटपणा होता, रानाचे ज्ञान होते. एका द्रव्याची उणीव होती आणि सारे तेथे अडले होते. ते द्रव्य म्हणजे आपण गुलाम नाही ही जाणीव आणि सोबत उभे राहणारी माणसे.

येथेच रोप आणि माणूस यांची वाट वेगळी होते. रोपाला पाणी दुसऱ्याने बदलून द्यावे लागते. ते टाकीतून उठून जाऊ शकत नाही. माणूस मात्र आपले पाणी स्वतः बदलू शकतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारोंनी ओंजळीने पाणी घेतले, ते कोणी वाढून दिलेले पाणी नव्हते. दया करणाऱ्याची वाट पाहत बसणे हे रोपाचे जिणे आहे. आपण धम्मदीक्षा घेतली ती टाकी बदलण्याच्या निर्धाराने. म्हणून जुन्या टाकीतले पाणी भांड्यात भरून नव्या घरी आणू नका. देव्हारा काढला आणि दैव मात्र मनात ठेवले, तर पाणी बदलले असे म्हणता येत नाही.

आणखी एक भेद आहे आणि तो विसरलो तर अनर्थ होईल. रोप आपण फळासाठी लावतो. फळ संपले, रोग जडला, तर ते उपटणे योग्य ठरते, आणि त्यात दुःख करीत बसू नये. सारे संस्कार अनित्य आहेत. माणूस मात्र कोणाच्या फळासाठी जन्मलेला नाही. त्याला उत्पन्नाच्या मापाने मोजणे हाच मुळात अधर्म होय. हे लिहिण्याचे कारण आहे. आपल्यातील किती आईबापांनी भट्टीवर, मिठागरात, वाडीत, रस्त्याच्या खडीवर आपली हाडे झिजवली! मालकाने त्यांना हात चालतात तोवर ठेवले आणि हात थकले की घरी पाठवले. मालकाचा हिशेब आपण जाणतो. परंतु घरी आल्यावर लेकसुनेच्या तोंडीही तोच हिशेब आला तर? "म्हातारा आता कामाचा नाही" हे वाक्य मालकाच्या वहीतले आहे. ते आपल्या घरात शोभत नाही.

चिकूच्या वाडीवाल्याकडून तरी शिकावे. घोलवडला १८९८ च्या सुमारास चिकू आला. खिरणीच्या खुंटावर बांधलेली कालीपत्तीची कलमे पिढ्यान् पिढ्या फळे देत आली आणि २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. झाडे जुनी झाली, फांद्या एकमेकींत गुंतल्या, आत उजेड शिरेना, फळ कमी झाले, तरी जाणता वाडीवाला लगेच कुऱ्हाड घालीत नाही. तो मधल्या फांद्या विरळ करतो, उजेडाला वाट देतो, कापल्या जागी बोर्डो मलम लावतो, बुंध्याभोवती खत देतो आणि दोन-तीन वर्षे धीर धरतो. फळासाठी लावलेल्या झाडाला जर एवढा धीर मिळतो, तर ज्याने आपल्याला वाढवले त्या माणसाला किती मिळावा?

तेव्हा आपल्या घरात एक शिस्त लावून घेऊ या. कोणाविषयी "संपला", "वाया गेला", "नशीबच तसे" असे म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. याला काय मिळाले नाही? याच्या भोवती काय साठून दाट झाले आहे? आणि जिवंत डोळा कोठे आहे, की जेथून नवी फूट येईल? मुलगा नापास झाला तर त्याचा दिवा, त्याची झोप, त्याचे पोट, त्याच्या शाळेतील वागणूक आधी तपासा. भाऊ दारूला लागला तर शिव्या देण्याआधी त्याचे कर्ज आणि त्याची सोबत तपासा. याचा अर्थ त्याचा दोष झाकावा असा नाही. कुजके मूळ कापावेच लागते आणि ते कापताना हात थरथरू देऊ नये. दारूचा ग्लास काढून घेणे हीही करुणाच आहे. परंतु कापायचे ते कुजके मूळ. माणूस कापायचा नाही.

ज्यांच्या घरी अशी बाग असेल त्यांनी येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन टाकी धुवावी, मुळे दाखवावीत, पांढरे कोणते आणि तपकिरी कोणते ते त्यांना स्वतः ओळखू द्यावे. ज्यांच्या घरी नसेल त्यांना दारातली एखादी कुंडीही पुरेल. मुलाने "हे रोप का सुकले?" असे विचारले की त्याला उत्तर सांगून टाकू नका, त्याच्याकडूनच कारण शोधून घ्या. जे मूल लहानपणी रोपाचे कारण शोधायला शिकेल, ते मोठेपणी आपल्या दुःखाचे कारण ज्योतिषाला विचारायला जाणार नाही, आणि दुसऱ्याच्या दुःखाला त्याची जात चिकटवणार नाही.